वकील कोणाचा?

(बेसा इथल्या महिला शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या सत्रात तुम्ही पोलिसांविषयी बोललात, तलाठ्याविषयी बोललात, नवऱ्यांविषयी तर बोललातच. वकिलांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. समोर मी बसले होते म्हणून असेल. पण गेली अनेक वर्षं शिबिरांतून, सल्ला केंद्रांतून हाच अनुभव येतो. पोलिसाने तक्रार घेतली नाही तर आपण ठाण्यावर मोर्चा नेतो. वकिलाने वर्षभर केस पुढे सरकवली नाही तर आपण म्हणतो, "कामात असतील बिचारे." वकिलाला विचारायचं असतं हेच आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. वकिलांनी तर मुळीच नाही.

चहाच्या वेळी इथल्याच एका काकूंनी मला बाजूला घेतलं. नाव सांगू नका म्हणाल्या, गोष्ट सांगा. त्यांच्या वडिलांचं इथे बेशाला वावर होतं. आज तिथे लेआउट पडलंय. वडील वारल्यावर भावाने तिघी बहिणींना गाडी पाठवून बोलावून घेतलं. जेवण झालं, साड्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. "वारसांची नोंद करायची आहे" एवढंच सांगितलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो निघाले. पुढे दोन वर्षांनी जावयाने कागद वाचला तेव्हा कळलं की ते हक्कसोडपत्र होतं.

मी विचारलं, "कागद कोणी तयार केला?"

"वकिलानं."

"आणि तुमच्या बाजूने वकील कोण होता?"

काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, वकील तं आमच्या घरचेच होते ना. त्यायले आम्ही भाऊच म्हणतो."

मी आज बोलायला दुसरंच काही लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवते आणि या "घरच्या वकिला"बद्दलच बोलते. कारण आपल्या निम्म्या अडचणी एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, की हा वकील कोणाचा?

बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी ही सगळी कालपरवापर्यंत शेतीची गावं. नागपूर दक्षिणेकडे सरकत आलं आणि एकराने मोजली जाणारी जमीन चौरस फुटाने मोजली जाऊ लागली. जमीन एकराने मोजत होते तोवर बहिणीची आठवण कोणाला नव्हती. चौरस फूट आले आणि प्रत्येक भावाला बहिणीची सही आठवली. कारण कायदा बदलला होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, पण ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती. २००५ साली केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलीही आत घेतल्या. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर कोर्टाकोर्टांत वेगवेगळी उत्तरं येत होती. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडता येत नाहीत.

हे सगळं त्या "भाऊ" वकिलाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर त्याने हक्कसोडपत्र केलं! ज्याला हक्क नाही त्याच्याकडून हक्क सोडवून घेत नाहीत.

आता कोणी म्हणेल, बहिणीने राजीखुशीने सोडला तर? जरूर सोडावा. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून हिस्सा सोडणाऱ्या बाईला मी मूर्ख म्हणणार नाही. त्या दाराची किंमत तिलाच ठाऊक. पण ती काय सोडते आहे, त्याची बाजारात किंमत किती, आणि कागद लिहिणाऱ्याचे पैसे कोण देतो आहे, हे तिला माहीत हवं. वकिलांच्या वर्तनाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने लिहून ठेवलेले आहेत. त्यांत स्पष्ट आहे की वकिलाचा दुसऱ्या पक्षाशी काही संबंध असेल, प्रकरणात त्याचं स्वतःचं काही हित असेल, तर काम घेतानाच त्याने ते अशिलाला उघड सांगितलं पाहिजे. एका पक्षाला सल्ला दिला, तर त्याच प्रकरणात उलटून दुसऱ्या पक्षाकडून उभं राहता येत नाही. त्या वकिलाने काकूंना एवढंच म्हणायला हवं होतं, "ताई, मी तुमच्या भावाचा वकील आहे. तुम्ही हा कागद दुसऱ्या वकिलाला दाखवा." म्हटलं असतं तर फी बुडाली असती. म्हणून म्हटलं नाही.

काकूंसाठी दार अजून बंद झालेलं नाही. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दस्त रद्द करण्यासाठी दावा लावता येतो. कळल्यापासून, सही केल्यापासून नव्हे. पण कधी कळलं ते सिद्ध करावं लागतं, म्हणून त्यांना तारखा लिहून काढायला सांगितलं आहे.

आता वकीलपत्राकडे येऊ. तुमच्यापैकी किती जणींनी वकीलपत्रावर सही केली आहे? बरेच हात आहेत. आणि किती जणींनी ते वाचलं? ... बरं. त्या छापील कागदावर बारीक अक्षरात पुष्कळ काही असतं. वकिलाने तुमच्या वतीने अर्ज करावा, पैसे स्वीकारावेत, तडजोड करावी, दावा काढून घ्यावा. कोऱ्या जागा मुन्शी नंतर भरतो. पण त्या कागदाने तुमचं तोंड वकिलाला विकलं जात नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अशिलाने स्पष्ट सांगितल्याशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडणारी कबुली किंवा तडजोड करू नये. तडजोडीची पुरसिस समोर आली की ती घरी न्यायला मागा. लोकअदालत असेल तर जास्तच जपा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

याच नियमांत आणखी एक छोटा नियम आहे. वकिलाने आपल्या अशिलाखेरीज किंवा अशिलाने नेमलेल्या माणसाखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून काम करू नये. ऐकायला साधा वाटतो. पण माझ्या कार्यालयात बाई एकटी कधी येते? वडील येतात, भाऊ येतो, मामा येतो. खुर्चीवर ते बसतात, बोलतात ते, आणि ती भिंतीशी उभी. वडील म्हणतात, "तिला नांदायचं नाही, फारकतच पाहिजे." त्यांना मी बाहेर बसवते तेव्हा ती म्हणते, "मॅडम, मला नांदायचं आहे. फक्त मार नको." फी देणारा माणूस म्हणजे अशील नव्हे.

आणि इथे मला आपल्या कार्यकर्त्यांनाही बोलायचं आहे. रागावलात तरी चालेल. भावाच्या खुर्चीवर पुष्कळदा आपली संघटना बसलेली असते. आपण बाईला घेऊन येतो, तिची हकीकत आपण सांगतो, काय मागायचं ते बैठकीत ठरवून आलेलो असतो. "या केसमध्ये तडजोड नको, आपल्याला निकाल पाहिजे." आपल्याला म्हणजे कोणाला? तिला महिना दोन हजार लगेच मिळाले तर पोराची शाळा सुटत नाही, आणि आपल्याला निकाल हवा असतो. मी हे दुरून बोलत नाही. मी स्वतः हेच केलेलं आहे, ते सांगते.

साधारण २००५-०६ ची गोष्ट. एक मुलगी आली, पाठीवर वळ होते. नवरा मारायचा, दारूच्या पैशासाठी माहेरी पाठवायचा. ठाण्यात गेली तर हवालदार म्हणाला, "एवढंच? नवरा मारतो तर मारतो." मी सनद घेऊन काही वर्षंच झाली होती, रक्त गरम होतं. ४९८अ ची तक्रार मी लिहून दिली. तक्रार वजनदार व्हावी म्हणून नवऱ्यासोबत सासू, दीर, आणि बाहेरगावी दिलेली नणंद व तिचा नवरा, सगळ्यांची नावं घातली. नणंदेने रॉकेल ओतायची धमकी दिली असं एक वाक्य लिहिलं. तिने विचारलं होतं मला, "ताईचं नाव काहून? ती तं मले लपून भाकर द्यायची." मी म्हटलं, "तू शांत राहा. कोर्टात असंच लिहावं लागतं."

तीन-चार वर्षांनी ती साक्षीला उभी राहिली. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने नणंदेची तारीख विचारली. त्या दिवशी नणंद दवाखान्यात बाळंत झालेली होती, त्याचा कागद त्याच्याकडे तयार होता. मग त्याने विचारलं, "हे वाक्य तुम्ही सांगितलं का?" मुलगी खरं बोलली. म्हणाली, "वकीलबाईंनी लिहिलं." त्या एका वाक्यावर सगळी तक्रार खोटी ठरली. सगळे सुटले. नवराही सुटला, आणि त्याचा मार तर खरा होता. पाठीवरचे वळ मी डोळ्यांनी पाहिले होते. माझ्या दोन ओळींनी ते पुसले. घरात तिला भाकर देणारं एकच माणूस होतं, त्यालाही मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही.

२०१० साली प्रीती गुप्ता खटल्याचा निकाल आला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांनाच सुनावलं आहे, की अशा बहुतेक तक्रारी वकिलांच्या सल्ल्याने किंवा त्यांच्या संमतीने होतात, आणि लहान घटना फुगवून लिहिल्या जाणार नाहीत हे पाहणं त्यांची जबाबदारी आहे. वाचून मला राग आला. नंतर त्या मुलीची आठवण आली आणि राग गिळला. न्यायालय एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरलं, ती म्हणजे "एवढंच?" विचारणारा हवालदार. खरं पुरेसं मानलंच जात नाही म्हणून वकील त्यात भर घालतो. पण भर घातल्याची किंमत वकील देत नाही. "खोट्या केसेस करणाऱ्या बायका" हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो, त्या शब्दात थोडी शाई माझीही आहे. त्या दिवशी मी कोणाची वकील होते? तिची नव्हते, एवढं नक्की.

फौजदारी खटल्यात तर "वकील कोणाचा" याचं उत्तर बायांना हमखास चकवतं. तुम्ही म्हणता, "माझा सरकारी वकील." तो तुमचा नसतो. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, आणि तुम्ही असता साक्षीदार. आपल्या विदर्भातलंच मथुरा प्रकरण घ्या. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. मजुरी करणारी, चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, आणि आरोपी दोन पोलीस. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं. भीतीने गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालात होतं. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांना परत सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, असं धरून. पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला.

आपण न्यायाधीशांची वाक्यं लक्षात ठेवली. मला दुसरीच गोष्ट छळते. दिल्लीतल्या त्या अपिलात एका बाजूला दोन पोलीस आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र सरकार. पोलीसही सरकारचेच. आणि ती स्वतः त्या खटल्यात पक्षकारच नव्हती. तिच्या चारित्र्यावर बोललं गेलं तेव्हा "हा प्रश्न चालणार नाही" म्हणायला खास तिच्यासाठी उभं असलेलं कोणी नव्हतं. आणि तो प्रश्न तेव्हा कायद्यात बसतही होता. बलात्कारित स्त्री "अनैतिक" आहे हे दाखवण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम २००२ च्या अखेरीस गेलं. मथुरेनंतर तीस वर्षांनी!

आता तुम्हाला स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो. २००९ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तो मागा. फी नाही म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. त्या वकिलाने वर "खर्चाला" पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. हे अगदी सर्रास चालतं.

मग आरोपीच्या वकिलाचं काय? अत्याचाराची मोठी घटना घडली की एखादा वकील संघ ठराव करतो, या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. आपण टाळ्या वाजवतो. मी वाजवत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि वकिली नीतीच्या विरुद्ध ठरवले आहेत, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. का, ते सांगते. एका तालुक्याच्या गावात नवरा स्वतः वकील होता. त्याच्या बायकोची केस घ्यायला त्या कोर्टातला एकही वकील तयार होईना. "आमचा मित्र आहे हो." ती शेवटी नागपूरला आली. वकिलाने आपल्या कामाच्या कोर्टात आलेलं काम योग्य फी मिळत असेल तर खास कारणाशिवाय नाकारू नये, हा नियम आहे. आरोपीसाठी तो मोडायला आपण टाळ्या वाजवल्या, तर तिच्यासाठी तो कोणत्या तोंडाने दाखवायचा? आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. त्या वकिलाने बाईला घाणेरडे, अपमान करणारे प्रश्न विचारायला मात्र मुभा नाही, आणि असे प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. थांबवत नसतील तर तुमच्या वकिलाने उठून उभं राहिलं पाहिजे.

पैशाचं थोडक्यात सांगते. नवरा अपघातात गेला, नुकसानभरपाईचा दावा आहे, आणि वकील म्हणतो "आता काही देऊ नका, मिळतील त्यातले इतके टक्के." विधवेला तो देवमाणूस वाटतो. आपल्याकडे टक्केवारीवर फी ठरवणं नियमाने मना आहे. अशिलाच्या आलेल्या पैशाचा हिशेब ठेवणं, पैसे आल्याचं लगेच कळवणं बंधनकारक आहे. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे २००० सालच्या सक्सेना खटल्यात ठरलं. आणि कोर्टाच्या दारात, ठाण्याच्या दारात "चला, आमचे वकील आहेत" म्हणत हात धरणारे दलाल? मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाबाहेर वकील स्वतःच अशिलांना ओढत होते, एकमेकांशी झोंबत होते. आपल्या महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७५ च्या त्या दाभोळकर निकालात न्यायालयाने म्हटलं की वकिली हा बाजार नव्हे. ठीक आहे. बाजारात निदान भाजी पारखून घेता येते.

तक्रार कुठे करायची? बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कार्यालय मुंबईला. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. लेखी, शपथपत्रासह, कागदांच्या प्रती जोडून. शिस्तपालन समितीत तीन माणसं असतात आणि तिघंही वकील. ताकीद, काही काळ सनद स्थगित, किंवा नाव कायमचं काढणं, असे त्यांचे अधिकार. वर्षभरात निकाल झाला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. वकिलांचा न्याय वकील करतात, तेव्हा फार आशा लावू नका. १९७९ चा रंगादुराई खटला पाहा. मद्रासकडच्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याकडून आणि त्याच्या बायकोकडून वकिलाने कोर्ट फीचे पैसे घेतले आणि दावा लावलाच नाही. दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची सनद पुष्कळ काळ बंद ठेवण्याऐवजी त्याला गरिबांना मोफत मदत करायला सांगितलं. त्या निकालाचं फार कौतुक झालं. मला मात्र कळत नाही, गरिबांनी काय गुन्हा केला होता?

ग्राहक मंचाचा रस्ता होता, तोही १४ मे २०२४ रोजी बंद झाला. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्याचं एक कारण मजेचं आहे. न्यायालय म्हणतं की वकील आपलं काम कसं करतो यावर अशिलाचं थेट नियंत्रण असतं. ऐकलं का, काकू? आपलं नियंत्रण असतं! मग ते वापरू या. पुढच्या तारखेला वकिलाला तीन गोष्टी विचारा. मागच्या तारखेला काय झालं, रोजनाम्याची नक्कल मिळेल का, आणि माझ्या सहीने आजवर काय काय दाखल केलं. चांगला वकील चिडणार नाही. माझ्याकडे असाल तर मलाही विचारा.

शेवटी कामाचं. पुढच्या शनिवारी मी इथे येणार आहे. ज्यांनी शेताच्या, प्लॉटच्या कागदांवर सह्या केल्या आहेत त्यांनी प्रती घेऊन या. प्रत नसेल तर गावाचं नाव, गट क्रमांक आणि सही केल्याचं साल एवढं आणा, दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल आपण काढू. काकू, तुम्ही तारखांचा कागद विसरू नका. आणि येताना बाकीच्या दोघी बहिणींनाही आणा. भावाला नको.